बाजाराच्या दिवशी शाळेत कोण येते? कापूस वेचणीच्या हंगामातील गैरहजेरीचा एक वर्णनात्मक अभ्यास

एम.एड. करणाऱ्या एका शिक्षिकेने लघुशोधप्रबंधासाठी विषय आणला: ‘यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामीण भागातील उच्च प्राथमिक विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीच्या कारणांचा अभ्यास’. पद्धती वर्णनात्मक, तंत्र सर्वेक्षणाचे, साधन पालकांसाठी प्रश्नावली. विदर्भातल्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयांच्या कपाटांत अशा विषयांचे प्रबंध रांगेने लावलेले असतात आणि त्यांचे निष्कर्षही ओळखीचे असतात: दारिद्र्य, पालकांची निरक्षरता, शेतीकाम, शिक्षणाबद्दलची उदासीनता. हे निष्कर्ष मला फार वर्षांपासून खुपत आले आहेत. ते खोटे आहेत असे मी म्हणत नाही. पण शाळेत पाऊल न टाकता ते कुठल्याही गावाला, कुठल्याही वर्षी चिकटवता येतात. गावात न जाता लिहिता येते त्याला वर्णन म्हणायचे कसे?

मार्गदर्शक म्हणून मी या अभ्यासाच्या जवळ होतो. तो शेवटी ज्या वळणाने गेला ते वळण वर्णनात्मक संशोधन शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो. गाव, शाळा आणि माणसे यांची नावे दिलेली नाहीत. गाव घाटंजी-केळापूरच्या कापूसपट्ट्यातले, लागून कोलाम आदिवासींची एक वस्ती, म्हणजे पोड. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवीची. अभ्यासासाठी पाचवी ते आठवीचे वर्ग घेतले.

प्रश्नावलीची पूर्वचाचणी

प्रश्नावलीत दोन भाग होते. पहिल्यात गैरहजेरीच्या कारणांवर खूण करायची होती: आजारपण, शेतीकाम, घरकाम, शाळा दूर, शाळेची नावड, इतर. दुसऱ्या भागात विधाने होती आणि प्रत्येक विधानापुढे ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत पाच पायऱ्या. ही पंचबिंदू श्रेणी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली आणि पुढे ती अभिवृत्ती मोजण्याची जगभरची सवय झाली.

पूर्वचाचणीत पहिल्या भागात आजारपणाला सर्वांत जास्त खुणा पडल्या. दुसऱ्या भागात ‘मुलीचे शिक्षण मुलाइतकेच महत्त्वाचे आहे’ या विधानाला झाडून सगळे पालक पूर्णतः सहमत होते. ज्या विधानाला सगळे एकच उत्तर देतात त्यातून माणसामाणसांतला फरक कळत नाही. तो कळावा यासाठीच तर श्रेणी वापरायची असते.

असे का झाले हे पाहायला अंगणातला प्रसंग डोळ्यांपुढे आणावा लागतो. पालकाने एकांतात विधान वाचून स्वतःच्या मनाशी ताडून पाहावे, अशी या साधनाची अपेक्षा असते. इथे एक मॅडम मोठ्याने वाचत होत्या, शेजारणी ऐकत होत्या, आणि मॅडमच्या हातात पेन होता. त्यात बालमजुरीच्या कायद्याची २०१६ ची दुरुस्ती गावात ऐकून माहीत असते: चौदा वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्याच्या कामाला लावता येत नाही, घरच्या कामात मदत चालते, तीही शाळेच्या वेळेबाहेर किंवा सुट्टीत. मग शाळेतूनच आल्यासारख्या दिसणाऱ्या बाईसमोर ‘शेतीकाम’ म्हणायला कोण धजेल? ‘बरं नोहोतं’ हे उत्तर सगळ्यांत सुरक्षित. पालक खोटे बोलत होते असे मी म्हणणार नाही. विचारण्याच्या रीतीतच उत्तर ठरून गेले होते.

पूर्वचाचणीने आपले काम चोख केले. मग प्रश्नच बदलला. शीर्षकातला ‘कारणांचा’ हा शब्द काढून तिथे ‘स्वरूपाचा’ हा शब्द आला. बदल एका शब्दाचा दिसतो, पण त्यामागे पद्धतीचा सगळा विवेक आहे. वर्णनात्मक संशोधन परिस्थितीत ढवळाढवळ करत नाही. ते जे आहे ते नोंदवते, मोजते, वर्गवारी लावते, दोन गोष्टी सोबत चालतात का ते पाहते. पालकाला ‘कारण काय’ विचारून मिळते ते पालकाचे मत. ते मतही नोंदवण्याजोगे असते, पण कारण म्हणून त्याची टक्केवारी काढणे म्हणजे मताला पुराव्याचे कपडे घालणे. म्हणून आधी ठरवायचे होते ते एवढेच: कोण गैरहजर असते, केव्हा, आणि किती वेळ.

हजेरीपत्रक

२०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन वर्षांची हजेरीपत्रके मुख्याध्यापकांनी उघडून दिली. प्रबंधांतली नेहमीची रीत अशी की महिन्यागणिक सरासरी काढायची आणि दोन वर्षांचे ऑक्टोबर, दोन वर्षांचे नोव्हेंबर शेजारी-शेजारी ठेवायचे. इथे ते करता येत नव्हते. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. एका वर्षीचा ऑक्टोबर दिवाळीच्या सुट्टीने कापलेला, दुसऱ्या वर्षीचा बहुतेक अखंड. महिना तोच, पण शाळेच्या दिवसांच्या दृष्टीने दोन निराळ्याच गोष्टी.

बरे, दसऱ्यापासून आठवडे मोजावेत तर दसराही एका वर्षी ५ ऑक्टोबरला आणि दुसऱ्या वर्षी २४ ऑक्टोबरला. शाळेची सुट्टी तिथीवर चालते आणि पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या झाडाचे, बोंड पावसावर फुटते. दोघांचा मेळ बसत नाही. तेव्हा शून्य कुठे धरायचा? गावातल्या बायांनी हा प्रश्न सोडवला. पहिल्या वेचणीला वावरात सीतादही नावाचा विधी करतात. ते कोणत्या सुमारास झाले हे बायांना वर्षागणिक आठवत होते, कुणाला पोराच्या तापावरून, कुणाला बहिणीच्या बाळंतपणावरून. त्या आठवणी एकमेकींशी ताडून गावाच्या पहिल्या वेचणीचा आठवडा धरला आणि हजेरी त्यापुढच्या आठवड्यांत मांडली. कागदाच्या वरच्या पट्टीत शाळेचे दिवस आणि सुट्ट्या, खालच्या पट्टीत पीक: सोयाबीनची सोंगणी, कापसाची पहिली, दुसरी, तिसरी वेचणी, मग तूर. साधन म्हणून ही पट्टी कुठल्याही प्रमाणित चाचणीइतकी मोलाची आहे असे मला वाटते.

पट्टीवर लगेच काही दिसले. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस विदर्भात अवकाळी पाऊस झाला. पावसाच्या दिवसांत शाळा चांगली भरलेली, आणि पाऊस थांबून कापूस सुकताच हजेरी घसरलेली. ओला कापूस वेचता येत नाही. सुकला की मात्र गळण्याआधी सगळ्यांनाच एकदम हात हवे असतात. महिन्याच्या सरासरीत वर चढलेले आणि खाली आलेले दिवस एकमेकांना खाऊन टाकतात.

सरासरीबद्दल एक गणित एम.एड.च्या वर्गात मी फळ्यावर मांडतो, तेच इथे देतो. समजा वर्गात ३० मुले आहेत आणि महिन्यात शाळेचे २४ दिवस भरले. एकूण ७२० हजेऱ्या व्हायला हव्यात. त्यातल्या ३६ बुडाल्या तर उपस्थिती ९५ टक्के. आता या ३६ गैरहजेऱ्या १८ मुलांच्या प्रत्येकी दोन असतील, किंवा ३ मुलींच्या प्रत्येकी १२. पहिल्या वर्गात काळजीचे काही नाही. दुसऱ्या वर्गात तीन मुलींची अर्धी शाळा बुडाली आहे. टक्केवारी दोन्हींकडे ९५. मध्यमानासोबत प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप, द्यायचे असते हे विद्यार्थी पाठ करतात. पण ते का द्यायचे हे या तीन मुलींशिवाय समजत नाही.

याच ओघात ३० सप्टेंबरबद्दल सांगायला हवे. शाळांची माहिती गोळा करण्याच्या यू-डायस पद्धतीत वर्षानुवर्षे ३० सप्टेंबर हीच संदर्भ तारीख राहिली. शिक्षकांची संचमान्यताही, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळायचे हे ठरवणेही, त्याच तारखेच्या पटावर होत आली. कापूसपट्ट्यात ही तारीख वेचणीचा जोर सुरू होण्याआधीची. तो पट आहे, हजेरी नाही, हे खरे. पण गाव आणि तालुक्याच्या शिक्षणाबद्दल बोलताना आपण ज्या आकड्यांवर उभे असतो ते हंगामाच्या अलीकडच्या काठावर घेतलेले असतात. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणारे ‘असर’सारखे सर्वेक्षण जिल्ह्यातली ३० गावे आणि प्रत्येक गावातली २० घरे घेऊन जिल्ह्याचे चित्र देते, शाळेला भेट देऊन त्या दिवशीची डोकीही मोजते. त्याचा हेतू वेगळा आणि तो ते नीट साधते. पण एका मुलीच्या गुरुवारच्या आणि शुक्रवारच्या हजेरीतला फरक त्याच्या जाळीतून निसटणारच. जाळी त्यासाठी विणलेलीच नाही.

दिवसातून तीनदा डोकी मोजणे

हजेरीपत्रक परिपाठानंतर भरले जाते. त्यामुळे त्यात ‘हजर’ असलेले मूल दुपारी कुठे असते, हे कागदाला माहीत नसते. म्हणून निरीक्षणाच्या काळात दिवसातून तीनदा मोजणी ठरली: परिपाठाला, मधल्या सुट्टीत खिचडी झाल्यावर, आणि शेवटच्या तासाला.

हे सोपे नव्हते. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली होती, म्हणजे पटावरची मुले खरोखर शाळेत आहेत का हे तपासले गेले होते. तेव्हापासून बाहेरचा माणूस वर्गात येऊन डोकी मोजू लागला की शिक्षकांच्या पोटात गोळा येतो. शिक्षिका स्वतः दुसऱ्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतली असल्याने तिला हे सांगावे लागले नाही. मुलांची नावे न घेता सांकेतिक क्रमांक वापरायचे, नोंदी आधी मुख्याध्यापकांना दाखवायच्या, आणि त्या कुठल्याही कार्यालयात जाणार नाहीत, असा शब्द देऊनच काम सुरू झाले. संशोधनाच्या पुस्तकांत नैतिकतेचे प्रकरण शेवटी असते. खेड्यात ते पहिल्या दिवशी, शाळेच्या दारातच उभे असते.

मोजणीतून मुलांच्या गैरहजेरीचे दोन प्रकार सुटे झाले. सातवी-आठवीतले काही मुलगे परिपाठाला असत, खिचडीनंतर नसत. दुपारनंतर बंडीवर कापसाची गाठोडी आणायची, गुरे पाहायची. हजेरीपत्रकात ते पूर्ण हजर. याउलट ज्या मुली नसत, त्या दिवसभर नसत.

तिसरा प्रकार नोंदवहीत आधी नव्हताच. काही मुलगे तिन्ही मोजण्यांत हजर, पण पहिल्या तासाला डोके बाकावर. तूर-हरभरा वावरात असताना रानडुकरे आणि रोही (नीलगायी) रात्रीतून पीक साफ करतात, म्हणून माणसे जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, जातात, आणि बापासोबत मुलगाही जातो. शिक्षिकेने त्यासाठी निरीक्षण तक्त्यात एक रकाना वाढवला. निरीक्षण चालू असताना रकाना वाढवणे चालते का, असे तिने विचारले. साधन आधी पक्के हवे हा नियम मोठ्या सर्वेक्षणात बरोबर आहे, नाहीतर दोन तपासनीसांच्या नोंदी जुळणार नाहीत. एकाच शाळेच्या सखोल अभ्यासात, रकाना कोणत्या दिवसापासून वाढला हे लिहून ठेवले की पुरते. गावाने दाखवलेली गोष्ट तक्त्यात जागा नाही म्हणून सोडून देणे मला कधीच पटलेले नाही.

बाजाराचा गुरुवार

गावाचा आठवडी बाजार गुरुवारी. शिक्षकांचे ठाम मत होते की बाजाराच्या दिवशी पोट्टे येत नाहीत. शिक्षिकेने गुरुवारच्या हजेऱ्या वेगळ्या काढल्या तर वर्गाची एकूण हजेरी इतर दिवसांसारखीच निघाली. शिक्षकांचा गैरसमज, असे लिहून पुढे जाता आले असते.

ती पुढे गेली नाही. तिने मुलगे आणि मुली वेगळे केले. मुलग्यांची हजेरी गुरुवारी खरोखर कमी होती. शिक्षक बरोबर होते. मुलींची गुरुवारी वाढत होती. दोन्ही मिळून बेरीज सपाट. आणि मुलींतही वाढ सगळ्यांची नव्हती. काही ठरावीक मुलीच गुरुवारी येत आणि शुक्रवारपासून पुन्हा नसत. वेचणी ऐन भरात असलेल्या आठवड्यांत हे परत परत दिसत होते; वेचणीआधीच्या आणि तूर निघून गेल्यानंतरच्या आठवड्यांत दिसत नव्हते.

या संपूर्ण अभ्यासात यापेक्षा मोलाची नोंद नाही. ती कुठल्याही नव्या साधनातून आली नाही. जी हजेरीपत्रके दरवर्षी गठ्ठा बांधून कपाटात जातात, त्यांतूनच आली. फक्त ती कोणत्या रेघेवर कापायची हे कळावे लागले. बाजाराचा वार गावाला माहीत असतो. विद्यापीठातल्या साधनांच्या यादीत तो नसतो.

‘काल सकाळपासून काय काय झालं?’

गुरुवारी येणाऱ्या त्या मुलींच्या घरी शिक्षिका संध्याकाळी गेली. या वेळी कागद काढला नाही, आणि ‘मुलगी शाळेत का येत नाही’ हेही विचारले नाही. विचारले ते एवढेच: काल सकाळपासून काय काय झालं? भारत सरकारने २०१९ मध्ये देशभर केलेल्या वेळवापर सर्वेक्षणात हीच पद्धत होती. आदल्या दिवसाचे पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४ असे चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या घरांत, आणि तेही सहा वर्षांवरील प्रत्येकाचे. ‘नेहमी काय करता’ या प्रश्नाला माणूस जे असावे ते सांगतो. ‘काल काय केले’ याला जे झाले ते सांगतो.

घराघरांतून एकच दिवस उलगडत गेला. माय सकाळी डबा बांधून, वेचलेला कापूस ठेवायची ओटी घेऊन वेचणीला जाते. वेचणीची मजुरी किलोवर. जितका वेळ हात मोकळे, तितके किलो. घरात दीड-दोन वर्षांचे लेकरू. ते सहावीतल्या बहिणीच्या कडेवर. ती वावरात जात नाही, कापसाला हात लावत नाही. गुरुवारी बाजार असतो, मजुरीचा हिशेब होतो, माय घरी असते किंवा लवकर परतते, आणि ती मुलगी दप्तर घेऊन शाळेत येते.

आता प्रश्नावलीतल्या त्या रकान्यांकडे परत पाहा. या मुलीची खूण कुठे पडली असती? ‘शेतीकामा’वर नाही. ‘घरकामा’वर पडली असती तर भांडी-झाडूच्या गठ्ठ्यात गेली असती, आणि त्याचा कापसाशी काही संबंध उरला नसता. तिचा दिवस आईच्या काट्यावरच्या किलोंमध्ये जमा होतो, पण नोंद कुठेच होत नाही.

एका आईला विचारले, लेकराला वावरात का नेत नाही? ती म्हणाली, “फवारलेल्या वावरात लेकरू नेऊ का मॅडम? अन् इचू-काट्याचं भेव वेगळंच. पोरीजवळ असलं त जिवाले घोर नसते.” २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले होते. ती आई उदासीन नव्हती. तिने दोन धोक्यांचा तोल केला होता. ‘पालकांची उदासीनता’ हे निष्कर्षातले वाक्य लिहिण्याआधी संशोधकाने हे ऐकलेले असलेच पाहिजे, यावर मी अडून बसेन.

अंगणवाडीचे काय? तिचे पूर्वशालेय शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. तीन वर्षांखालच्या लेकरांना शिधा घरी मिळतो, दिवसभर सांभाळण्याची सोय मिळत नाही. आणि अंगणवाडी दुपारी सुटते, वेचणी संध्याकाळपर्यंत चालते. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात, कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमण्याची तरतूद होती. खासगी वावरातल्या वेचणीला अशी कुठलीच तरतूद लागू नाही. शाळा, अंगणवाडी आणि मजुरी या तिन्हींच्या मधल्या फटीत ती सहावीतली मुलगी बसलेली असते.

‘आढळले’ आणि ‘मुळे’

प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात वाक्य होते: ‘लहान भावंडाच्या संगोपनामुळे मुलींची हजेरी घटते.’ ते बदलून असे झाले: ‘ज्या मुलींच्या घरी तीन वर्षांखालचे भावंड आहे आणि आई किलोवर वेचणीला जाते, त्या मुलींची हजेरी वेचणीच्या आठवड्यांत इतर मुलींपेक्षा कमी आणि बाजाराच्या दिवशी जास्त आढळली.’ वाक्य लांबले, जड झाले, आणि खरे झाले.

इतक्या स्पष्ट चित्रानंतर ‘मुळे’ म्हणायला हरकत काय, असे तिला वाटणे साहजिक होते. हजेरीपत्रक, तीन वेळची मोजणी आणि घरचा काल-दिवस, तीन वेगळ्या वाटांनी येऊन एकाच ठिकाणी पोचत होते. त्याने विश्वास वाढतो. तरीही ज्या घरांत लहान लेकरू आहे ती घरे इतर बाबतींतही वेगळी असू शकतात. ती जास्त करून भूमिहीन असतील, त्यांतल्या मुली आधीपासूनच अभ्यासात मागे पडल्या असतील. भावंड असलेल्या आणि नसलेल्या मुलींची तुलना करता येते, तिने केलीही. तिला कार्यकारण-तुलनात्मक अभ्यास म्हणतात. घडून गेलेल्या फरकावरून मागे जाणारी ही तुलना आहे, आणि गट संशोधकाने पाडलेले नसतात ही तिची मर्यादा शब्दाशब्दात राखावी लागते. वेचणीच्या महिन्यांत पाळणाघर चालवले तर या मुली शाळेत येतील का, हे या अभ्यासातून सांगता येत नाही. पाळणाघर चालवून पाहण्याची मागणी करायला मात्र हा अभ्यास भक्कम आधार देतो. या दोन विधानांतले अंतर ज्याला कळले त्याला पद्धतीशास्त्र कळले असे मी मानतो.

प्रबंधाच्या मौखिकीत, म्हणजे तोंडी परीक्षेत, अपेक्षित आक्षेप आला: एकच शाळा, नमुना फार लहान. यावर उत्तर असे की टक्केवारी सगळ्या जिल्ह्याला लावायची असती तर नमुना लहान होता. इथे एक घडण दाखवायची होती, आणि ती कशी शोधायची ते दाखवायचे होते. महाराष्ट्रात एका गावाच्या वर्णनाची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या एकाच गावाची जमीन, कर्ज आणि घरोघरचा जमाखर्च मोजून १९१७ साली अभ्यास प्रसिद्ध केला. ते गाव शहरालगतचे, म्हणून पुढचा अभ्यास त्यांनी शहरापासून दूरच्या जातेगाव बुद्रुकचा केला. तो १९२१ साली आला. एका गावावरच्या आक्षेपाला त्यांनी दुसऱ्या, विचारपूर्वक निवडलेल्या गावाने उत्तर दिले.

शाळेत आणि पुढे

नोंदी आधी शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवल्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. त्या संध्याकाळच्या बैठकीला बाया आल्या, कारण ती बुधवारी न ठेवता गुरुवारी ठेवली होती. मुख्याध्यापकांनी खिचडीनंतरही हजेरी घ्यायचे ठरवले. पाळणाघरासाठी ग्रामपंचायतीकडे मागणी करायचा ठराव झाला. जागा मिळू शकते, सांभाळणारीच्या मजुरीचा पैसा कोणत्या शीर्षकाखाली द्यायचा यावर तो अडला. एका आजीबाईंनी विचारले, “माह्याकडं ठेवा न लेकरं, पन दोन पयसे कोन देईन?” या प्रश्नाचे उत्तर बैठकीत कुणाकडेच नव्हते. हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण ही कुटुंबे कुठेच जात नाहीत. गावातच राहतात, म्हणून त्या योजनेच्या नजरेत येत नाहीत.

शिक्षिका हा अभ्यास आता पुढे नेत आहे. गुरुवारचा फरक खरोखर बाजाराचा की त्या वारी शाळेत आणखी काही असते म्हणून, हे एका गावावरून सुटे करता येत नाही. म्हणून तिने तालुक्यातली अशी तीन गावे निवडली आहेत, ज्यांचा बाजार वेगवेगळ्या वारी भरतो. शनिवारचा बाजार मुद्दाम टाळला, कारण त्या दिवशी शाळा सकाळची असते आणि दोन बदल एकात मिसळतील. त्या गावांतही ठरावीक मुलींची हजेरी आपापल्या बाजाराच्या वारी वाढली तर पहिल्या गावात दिसलेली घडण टिकेल. गुरुवारीच वाढली किंवा वाढलीच नाही तर स्पष्टीकरण दुसरीकडे शोधावे लागेल. घरातल्या तीन वर्षांखालच्या लेकरांची यादी या वेळी हंगामाआधीच, पोळ्याच्या सुमारास करायची आहे, म्हणजे हजेरी पाहून घर निवडले असा संशय राहणार नाही. तक्त्यात जागलीचा रकाना पहिल्या दिवसापासून आहे.